टॅलीमधली इनपुट-आउटपुट टॅक्सची खाती: पोर्टलशी रुपयाला रुपया जुळतील अशी कशी लावायची

सांगलीतल्या एका हार्डवेअर दुकानाची वही मी सांभाळते. एका महिन्याच्या २० तारखेला मालकांचा फोन आला, "ताई, क्रेडिट पडून आहे म्हणता आणि वर सत्तावीस हजार भरायलाही सांगता. हे कसलं गणित?" त्यांचं बरोबर होतं. त्या महिन्यात ९,००० भरून काम भागलं असतं. चूक माझी होती, आणि ती बटण दाबताना झालेली नव्हती. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधली जीएसटीची खाती सरकारच्या जीएसटी पोर्टलसारखी लावलेली नव्हती, त्यामुळे कुठल्या खात्यात किती उरलंय ते मला एका नजरेत दिसलंच नाही. तो आकडा कसा आला ते पुढे सांगते. आधी खाती लावू.

मी टॅलीप्राइमवर काम करते, म्हणून बटणं आणि मेन्यू तिथले आहेत. आवृत्तीनुसार एखादं नाव इकडचं तिकडे होईल. बिझी हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही खात्यांची रचना हीच ठेवता येईल. झोहो बुक्समध्ये इनपुट (खरेदीवर भरलेला टॅक्स) आणि आउटपुट (विक्रीवर लावलेला टॅक्स) यांची खाती आधीच बनवलेली मिळतात, तिथे ती फक्त तपासायची. दुकानाला कंपोझिशन (छोट्या व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने टॅक्स भरायची योजना) असेल तर मात्र हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे बिलावर टॅक्स लावता येत नाही आणि इनपुटही मिळत नाही.

आधी पोर्टलवरच्या तीन वह्या समजून घ्या

जीएसटीच्या पोर्टलवर प्रत्येक व्यापाऱ्याच्या तीन वह्या असतात. पहिलीत सरकारचं देणं लिहिलेलं असतं, ते लायबिलिटी रजिस्टर. दुसरीत खरेदीवर भरलेला आणि वापरता येणारा टॅक्स असतो, ते क्रेडिट लेजर. तिसरीत चलनाने भरलेले रोख पैसे असतात, ते कॅश लेजर. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये याच तीन वह्यांची सावली उभी करायची. आउटपुटची खाती म्हणजे पहिली वही, इनपुटची दुसरी, आणि चलनासाठी एक वेगळं खातं म्हणजे तिसरी.

नवशिक्याचा इथे हमखास गोंधळ होतो. पोर्टल ज्याला क्रेडिट म्हणतं, ते आपल्या वहीत नावे (डेबिट) बाजूला बसतं. ते सरकारकडून आपलं येणं आहे, म्हणजे मालमत्ता. आउटपुट हे देणं, म्हणून जमा बाजूला. तेरजेत, म्हणजे ट्रायल बॅलन्समध्ये, इनपुट खात्याची शिल्लक जमा दिसली, तर दुसरं काही करण्याआधी ती चूक शोधा.

राज्यातल्या व्यवहारावरचा टॅक्स निम्मा केंद्राचा (सीजीएसटी) आणि निम्मा राज्याचा (एसजीएसटी) असतो, परराज्यातल्या व्यवहारावर एकच आयजीएसटी. सीजीएसटीचं एकच खातं ठेवून खरेदी-विक्री दोन्ही त्यातच टाकली, तरी टॅली तक्रार करत नाही आणि रिटर्नचे आकडेही बरोबर निघतात. म्हणून बरेच जण एकाच खात्यावर भागवतात. मी तसं करत नाही. एका खात्यात विक्रीचा ४५,००० आणि खरेदीचा १८,००० टाकला की तेरजेत दिसतात फक्त २७,०००. ते कशातून आले, त्यातलं कुठलं क्रेडिट अजून पुरवठादाराने दाखवलेलंच नाही, हे कळायला खतावणी उघडून ओळ न् ओळ वाचावी लागते. वर्षाच्या शेवटी वार्षिक रिटर्न भरतानाही तीच कसरत.

पायरी पहिली: कंपनीत जीएसटी चालू करणं

सगळ्यात आधी बॅकअप घ्या. मग ऑल्ट-के दाबून कंपनी अल्टर करा आणि राज्य महाराष्ट्र आहे ना ते बघा. जुन्या डेटात हा रकाना कित्येकदा रिकामा सापडतो. मग टॅलीला गिऱ्हाईक राज्यातलं की बाहेरचं तेच कळत नाही.

एफ ११ मध्ये जीएसटी चालू करून नोंदणीचा प्रकार रेग्युलर ठेवा, जीएसटी क्रमांक टाका, आणि जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) महिन्याला भरता की तिमाहीला ते निवडा. क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. महाराष्ट्राचा २७, गुजरातचा २४, कर्नाटकाचा २९, गोव्याचा ३०. हे चार पाठ असले तर सांगली-कोल्हापूरकडची निम्मी बिलं नुसत्या नजरेनं तपासून होतात.

पायरी दुसरी: सहा खाती, आणि नावात दर नको

क्रिएटमध्ये जाऊन लेजर निवडा. नाव 'इनपुट सीजीएसटी'. गट 'ड्यूटीज अँड टॅक्सेस'. ड्यूटीचा प्रकार जीएसटी, टॅक्स टाइप सीजीएसटी. टक्केवारीचा रकाना शून्यच राहू द्या. याच पद्धतीने इनपुट एसजीएसटी आणि इनपुट आयजीएसटी बनवा, मग आउटपुटची तिन्ही. सेसची खाती तुमच्या मालाला सेस लागत असेल तरच काढा.

टॅली खात्याचं नाव वाचत नाही, ती टॅक्स टाइप वाचते. नाव 'इनपुट एसजीएसटी' आणि टाइप चुकून सीजीएसटी, असं खातं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आधीच्या खात्याची नक्कल करून नाव बदललं आणि टाइप तसाच राहून गेला. सहाही खाती झाली की प्रत्येक परत उघडून टाइप वाचा.

आता दराबद्दल. 'आउटपुट सीजीएसटी ९%', 'आउटपुट सीजीएसटी १४%' अशी प्रत्येक दराची वेगळी खाती काढायची सवय व्हॅटच्या काळातली आहे. महाराष्ट्रात २००५ पासून व्हॅट होता, तेव्हाच्या वह्यांत 'व्हॅट १२.५%' अशी खाती असायची, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा आपण तीच चाल पुढे नेली. ती किती महागात पडते ते २२ सप्टेंबर २०२५ ला कळलं. त्या दिवसापासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक सगळ्या मालावरून उठले. सिमेंट २८ वरून १८ वर आलं, ठिबकचे संच १२ वरून ५ वर. ज्यांच्या खात्यांच्या नावात आणि टक्केवारीत दर कोरलेला होता, त्यांनी एकेक खातं बदलत दिवस काढला. त्यातल्या काहींनी जुन्याच खात्याची टक्केवारी बदलली आणि मागच्या बिलांची छपाई बिघडवून ठेवली. माझ्याकडे सहा खाती होती, ती सहाच राहिली.

दर मालाचा असतो, टॅक्सच्या खात्याचा नसतो.

पायरी तिसरी: दर कुठे टाकायचा

टॅलीत दर कंपनीला लावता येतो, खरेदी-विक्रीच्या खात्याला लावता येतो, स्टॉक ग्रुपला किंवा थेट वस्तूलाही. एवढी मोकळीक मिळाली की गोंधळ ठरलेलाच. एकच जागा धरा. हार्डवेअरसारख्या दुकानात मी ग्रुपला दर लावते: नळ-फिटिंग १८, सिमेंट १८, ठिबक ५. वेगळ्या दराची एखादी वस्तू असेल तर तेवढीलाच स्वतंत्र दर. कंपनीच्या पातळीवर दर टाकू नका. तो टाकला की दर लावायला विसरलेली वस्तूही गुपचूप त्याच दराने विकली जाते आणि चूक कळतच नाही. दर नसेल तर टॅक्सच पडत नाही, ते निदान डोळ्यांत येतं.

एचएसएन कोडही (मालाचा वर्ग सांगणारा आकडा) इथेच भरा. उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर बिलावर चार आकडी कोड चालतो, त्यावर गेली की सहा आकडी.

दर बदलला तर जुना पुसायचा नाही. लागू तारीख टाकून नवी ओळ वाढवायची. सिमेंटचं २२ सप्टेंबरआधीचं बिल उघडलं तर त्यावर २८ दिसले पाहिजेत आणि नंतरच्यावर १८. याची गरज लगेच पडते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नेलेल्या सिमेंटची दहा पोती गिऱ्हाइकाने दिवाळीनंतर परत आणली, तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दराने, म्हणजे २८ नेच करावी लागते. १८ ने केली तर १० टक्के फरक तुमच्या गळ्यात.

पायरी चौथी: पार्टीचं राज्य

सीजीएसटी-एसजीएसटीची जोडी लावायची की आयजीएसटी, हे टॅली पार्टीच्या राज्यावरून ठरवते. म्हणून प्रत्येक पार्टीत राज्य, नोंदणीचा प्रकार आणि क्रमांक भरलेच पाहिजेत. बेळगावचा दुकानदार रोज आपल्याशी मराठीत बोलतो, सणावाराला फोन करतो, म्हणून नवख्या मुलाने त्याला महाराष्ट्र लावून टाकलं, असं झालेलं आहे. २९ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे आयजीएसटी, मग गाव कितीही जवळचं असो.

नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचं काय? १ ऑक्टोबर २०२३ पासून मालाच्या बाबतीत नियम असा आहे: बिलावर गिऱ्हाइकाचा पत्ता किंवा निदान राज्य लिहिलं असेल तर तेच पुरवठ्याचं ठिकाण. काहीच लिहिलं नसेल तर दुकान जिथे आहे ते ठिकाण. निपाणीच्या माणसाने घरासाठी नळ नेले आणि बिलावर निपाणीचा पत्ता टाकला, तर आयजीएसटी लावा. पत्ता न टाकता रोखीचं बिल फाडलं तर जोडीचा टॅक्स.

आता चार चाचणी व्हाउचर करा. मी एक खोटी कंपनी ठेवलीय, तिथेच हे उद्योग करते. पुण्याहून खरेदी, जामनगरहून खरेदी, सांगलीतच विक्री, बेळगावला विक्री, प्रत्येक १८ टक्क्यांच्या मालाची, १०,००० ची. पहिल्या आणि तिसऱ्यात ९०० अधिक ९०० पडले पाहिजेत, दुसऱ्या आणि चौथ्यात आयजीएसटीचे १,८००. खरेदीचे आकडे इनपुट खात्यांतच गेले का, विक्रीचे आउटपुटमध्येच गेले का, तेही बघा. व्हाउचरमध्ये खातं आपणच निवडतो, त्यामुळे विक्रीच्या बिलात हात चुकून 'इनपुट सीजीएसटी'वर पडू शकतो. इनपुट-आउटपुट वेगळं ठेवायची पद्धत इथे एकाच बाबतीत कमी पडते, आणि तेरजेवर नजर टाकण्याची सवय हाच त्यावर उपाय.

सहा खात्यांच्या जोडीला आणखी थोडी

'इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर' हे खातं चालू मालमत्तेत काढा. चलन भरलं की बँक जमा, हे खातं नावे. रिटर्न भरताना त्यातून पैसे वळते झाले की आउटपुट नावे, हे खातं जमा. चलनाची रक्कम परस्पर आउटपुटला टाकू नका. घाईत १५,००० भरले आणि लागले १४,२००, तर उरलेले ८०० पोर्टलच्या वहीत पडून असतात. ते आपल्या वहीतही पडून दिसायला हवेत. सीजीएसटीच्या जागी एसजीएसटीच्या शीर्षाखाली पैसे भरले गेले तर घाबरायचं कारण नाही. पीएमटी-०९ फॉर्मने ते एका शीर्षातून दुसऱ्यात नेता येतात.

'इनपुट येणे बाकी' हे खातंही चालू मालमत्तेतच. याचं काम पुढे सांगते. सगळ्यात उपयोगी खातं हेच आहे.

व्याज आणि लेट फी अप्रत्यक्ष खर्चात, पण दोन वेगळ्या खात्यांत. राउंड-ऑफचंही एक खातं लागेल.

आरसीएम (रिव्हर्स चार्ज) म्हणजे टॅक्स विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा. त्यासाठी 'आरसीएम देय सीजीएसटी', 'आरसीएम देय एसजीएसटी' आणि 'आरसीएम देय आयजीएसटी' अशी तीन खाती ठेवा. हे देणं आउटपुटमध्ये मिसळू नका, कारण ते क्रेडिटने फेडता येत नाही, रोखच भरावं लागतं. दुकानदारांकडे आरसीएम येतो तो बहुतेक मालवाहतुकीमुळे. सांगलीच्या ट्रान्सपोर्टवाल्याने बिल्टी दिली, भाडं १०,००० झालं आणि त्याने स्वतः टॅक्स लावलेला नसेल, तर ५ टक्के, म्हणजे २५० अधिक २५०, आपण भरायचे. टॅलीत यासाठी जर्नल उघडून ऑल्ट-जे ने स्टॅट अ‍ॅडजस्टमेंट निवडा आणि देणं व क्रेडिट दोन्ही वाढवणारा पर्याय घ्या. मग आरसीएम देय खाती जमा, इनपुट खाती नावे. भरलेले ५०० त्याच महिन्याच्या थ्री-बीत (जीएसटीआर-३बी, म्हणजे टॅक्स भरायचं रिटर्न) क्रेडिट म्हणून मिळतात. ट्रान्सपोर्टवाला नोंदणी नसलेला असेल तर स्वतःचं सेल्फ-इन्व्हॉइस बनवून ठेवा. बिल्टी न देणाऱ्या गल्लीतल्या टेम्पोवाल्याच्या भाड्यावर मात्र हा प्रकार नाही. तो जीटीए, म्हणजे बिल्टी देणारी मालवाहतूक संस्था, ठरत नाही.

जे इनपुट आपलं नाहीच

बिलावर टॅक्स छापलेला दिसला की तो इनपुटला टाकायचा, ही सवय मोडा. काही टॅक्स खर्चातच किंवा मालमत्तेच्या किमतीतच जातो.

मालकांनी दुकानाच्या नावावर कार घेतली, तर तिच्यावरचा टॅक्स कारच्या किमतीत मिळवा. माल पोचवायला छोटा हत्ती घेतला तर क्रेडिट मिळतं, कारण तो माल वाहतो. दिवाळीत गिऱ्हाइकांना वाटलेल्या भेटवस्तू, दुकानातल्या लोकांसाठी मागवलेलं जेवण, गोदाम बांधताना गुत्तेदाराने लावलेला टॅक्स, हे सगळं बंद. त्यासाठी इनपुटच्या खात्याला हातच लावायचा नाही. संपूर्ण बिल खर्चाला किंवा मालमत्तेला टाका.

सगळ्यात फसवं म्हणजे परराज्यातलं हॉटेल. विक्रीसाठी माणूस पणजीला गेला, दोन रात्री राहिला. बिलावर दुकानाचा २७ चा क्रमांक आहे, खाली सीजीएसटी आणि एसजीएसटीही स्पष्ट छापलाय. मोह होतोच. पण ती सेवा गोव्यात घेतलेली, टॅक्सची जोडी गोव्याची, आणि महाराष्ट्राच्या नोंदणीला तिचं क्रेडिट नाही. टू-बीतही (जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांच्या रिटर्नवरून पोर्टल बनवतं ती आपल्या क्रेडिटची यादी) ते 'मिळत नाही' या भागात येतं.

उलट, मिळणारं आणि विसरलं जाणारं क्रेडिट म्हणजे बँकेच्या चार्जेसवरचं. बँकेकडे आपला जीएसटी क्रमांक नोंदवलेला असेल तर ते टू-बीत येतं. रक्कम चिल्लर असते, पण वर्षभराची बेरीज करून बघा.

महिनाअखेर: टू-बी समोर ठेवून

१ जानेवारी २०२२ पासून नियम कडक झालाय. पुरवठादाराने बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवलं आणि ते टू-बीत आलं, तरच क्रेडिट. टू-बी पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. त्याआधी सेट-ऑफची, म्हणजे देण्यातून क्रेडिट वळतं करायची, एन्ट्री करायला बसू नका.

टॅलीत टू-बी उतरवून जुळणीचा अहवाल बघता येतो. छोट्या दुकानाला कागदावर खुणा केल्या तरी चालतं. जी बिलं आपल्या वहीत आहेत पण टू-बीत नाहीत, त्यांचा टॅक्स जर्नलने 'इनपुट येणे बाकी'त हलवा: ते खातं नावे, इनपुट खातं जमा. पुढे ते बिल टू-बीत आलं की उलटी एन्ट्री. असं केलं की इनपुटच्या खात्यात फक्त हातात असलेलं क्रेडिट उरतं, आणि कोणाला फोन करायचे त्याची यादी 'येणे बाकी'च्या खात्यात आयती मिळते.

फोन करण्याआधी एवढं बघा. पुरवठादार तिमाही रिटर्न भरणारा असेल तर पहिल्या दोन महिन्यांची बिलं त्याने आयएफएफमध्ये (तिमाहीवाल्यांना मधल्या महिन्यांत बिलं दाखवायची पोर्टलवरची सोय) टाकली तरच लगेच दिसतात. नाहीतर तिमाही संपल्यावरच. त्याने बुडवलं असं नाही. मात्र हे येणं कायम लटकत ठेवता येत नाही. आर्थिक वर्षाचं क्रेडिट घ्यायची शेवटची मुदत पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तिथपर्यंत. ऑक्टोबर उजाडला की मागच्या वर्षाची 'येणे बाकी' काढून बसायचं.

याच खात्याचा दुसरा उपयोग वाटेतल्या मालासाठी. जामनगरच्या पितळी फिटिंग्जचं बिल २९ तारखेचं, ट्रक सांगलीत पोचला २ तारखेला. बिल या महिन्याच्या टू-बीत आलेलं असतं, पण माल हातात पडल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. थ्री-बीत ते आधी दाखवून तात्पुरतं उलटवा आणि पुढच्या महिन्यात परत घ्या. वहीत ते तोवर 'इनपुट येणे बाकी'त राहील.

पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तरी घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. उधारी लांबवणाऱ्या दुकानांत पार्टीची थकबाकी दिवसांप्रमाणे काढून बघणं म्हणूनच गरजेचं.

ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस, म्हणजे इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीम, आलंय. तिथे प्रत्येक बिल मान्य, अमान्य किंवा प्रलंबित करता येतं, आणि काहीच केलं नाही तर ते मान्य धरलं जातं. आपल्या क्रमांकावर दुसऱ्याचंच बिल चढलं असेल तर ते इथे अडवा.

सेट-ऑफ, आणि ते सत्तावीस हजार

आता माझी चूक. त्या महिन्याचे आकडे समजायला सोपे करून देते.

पुण्याहून खरेदी २,००,०००, म्हणजे इनपुट सीजीएसटी १८,००० आणि एसजीएसटी १८,०००. जामनगरहून खरेदी ३,००,०००, म्हणजे इनपुट आयजीएसटी ५४,०००. राज्यात विक्री ५,००,०००, म्हणजे आउटपुट सीजीएसटी ४५,००० आणि एसजीएसटी ४५,०००. बेळगावला विक्री ५०,०००, आउटपुट आयजीएसटी ९,०००. एकूण देणं ९९,०००, एकूण क्रेडिट ९०,०००. फरक ९,०००.

नियम असा, की आयजीएसटीचं क्रेडिट सगळ्यात आधी संपवायचं. आधी आयजीएसटीच्या देण्यावर, मग उरलेलं सीजीएसटी आणि एसजीएसटीवर, हवं त्या क्रमाने आणि हवं त्या प्रमाणात. ते संपल्यावर सीजीएसटीचं क्रेडिट सीजीएसटीवर, एसजीएसटीचं एसजीएसटीवर. या दोघांचं एकमेकांत चालत नाही.

५४,००० पैकी ९,००० बेळगावच्या विक्रीवर गेले, उरले ४५,०००. मी ते सगळे सीजीएसटीवर टाकले, कारण दोन्ही आकडे ४५,००० होते आणि डोळ्यांना ते सुबक दिसलं. परिणाम असा, की सीजीएसटीचं देणं शून्य झालं आणि सीजीएसटीचं स्वतःचं १८,००० चं क्रेडिट रिकामं बसलं. एसजीएसटीचे ४५,००० मधून १८,००० वजा जाता २७,००० रोख भरावे लागले.

बरोबर पद्धत अशी. आधी बघायचं, की सीजीएसटीला स्वतःचं क्रेडिट धरून किती कमी पडतं: ४५,००० वजा १८,०००, म्हणजे २७,०००. एसजीएसटीलाही २७,०००. आयजीएसटीचे ४५,००० या दोन खड्ड्यांत टाकायचे आणि कुठल्याही खड्ड्यात २७,००० पेक्षा जास्त टाकायचे नाहीत. २७,००० आणि १८,००० टाका किंवा दोन्हीकडे साडेबावीस हजार टाका, रोख ९,००० च जातात. पोर्टल स्वतः एक वाटणी सुचवतं, तीही याच कसोटीवर तपासून घ्या.

महिन्याच्या शेवटच्या तारखेला जर्नल असं:

आउटपुट आयजीएसटी नावे ९,०००
आउटपुट सीजीएसटी नावे ४५,०००
आउटपुट एसजीएसटी नावे ३६,०००
इनपुट आयजीएसटी जमा ५४,०००
इनपुट सीजीएसटी जमा १८,०००
इनपुट एसजीएसटी जमा १८,०००

दोन्ही बाजू ९०,०००. आउटपुट एसजीएसटीत ९,००० शिल्लक उरले, तेवढंच चलन. चलन भरलं त्या तारखेला कॅश लेजर नावे, बँक जमा. थ्री-बी भरलं त्या तारखेला आउटपुट एसजीएसटी नावे, कॅश लेजर जमा. मासिक रिटर्नवाल्यांची मुदत २० तारीख, महाराष्ट्र-गोव्यातल्या तिमाहीवाल्यांची २२. उशीर झाला तर रोज ५० रुपये लेट फी, शिवाय रोख भरायच्या रकमेवर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. नील, म्हणजे काहीच व्यवहार नसलेल्या, रिटर्नला लेट फी रोज २० रुपये.

जुळणी कधी, आणि कशाशी

रिटर्न भरून झालं की पोर्टलचं क्रेडिट लेजर आणि टॅलीतली तिन्ही इनपुट खाती शेजारी ठेवा. शिल्लक जुळलीच पाहिजे. कॅश लेजरचीही जुळली पाहिजे. पाचदहा रुपयांचा फरक आला तर बहुतेक राउंड-ऑफचा असतो. थ्री-बीत पूर्ण रुपये जातात आणि वहीत पैसे राहतात. तो फरक त्याच महिन्यात राउंड-ऑफला टाकून मोकळं व्हा. साठू दिलात तर मार्चमध्ये तो कशाचा ते आठवत नाही.

३१ मार्चची शिल्लक जुळवताना एक गंमत होते. मार्चची सेट-ऑफ एन्ट्री आपण ३१ मार्चला टाकतो, पण पोर्टल ती वजावट रिटर्न भरल्याच्या तारखेला, म्हणजे एप्रिलमध्ये दाखवतं. म्हणून ३१ मार्चचं पोर्टल बघून वही जुळवायला गेलात तर जुळणार नाही. मार्चचं थ्री-बी भरल्यानंतरची पोर्टलची शिल्लक घ्या, आणि टॅलीची ३१ मार्चची.

एकाच खात्याची जुनी पद्धत मोडून सहा खात्यांवर यायचं असेल तर १ एप्रिलचा मुहूर्त बरा. जुन्या खात्याला नवं नाव देऊ नका, मागच्या वर्षांच्या सगळ्या बिलांवरही नाव बदलेल. नवी खाती काढा, मार्चचं सेट-ऑफ झाल्यावर उरलेलं क्रेडिट जर्नलने नव्या इनपुट खात्यांत न्या आणि देणं आउटपुटमध्ये. जुनं खातं शून्य करून तसंच राहू द्या.

एवढं सगळं जुळल्यावर दोन महिन्यांनी पुन्हा फरक दिसला, तर कोणीतरी भरलेल्या महिन्यात मागच्या तारखेची एन्ट्री केलीय असं समजा. एप्रिलचं एखादं खरेदी बिल जूनमध्ये सापडतं आणि ते एप्रिलच्या तारखेने टाकलं जातं. टॅलीच्या युजर सेटिंगमध्ये मागच्या तारखेच्या एन्ट्रीला हद्द घालता येते. रिटर्न भरलं की ती हद्द त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत पुढे सरकवा. उशिरा सापडलेलं बिल सापडल्याच्या महिन्यातच टाका आणि पुरवठादाराच्या बिलाची मूळ तारीख बिल-क्रमांकाशेजारच्या रकान्यात भरा.